काठाची उंची

गुंजाळ भाऊसाहेबांना माणसांची नावं आठवायची नाहीत, पण त्याच माणसाच्या विहिरीत पाणी किती खोल आहे ते सेंटिमीटरपर्यंत पाठ असायचं. एकदा मंचरच्या बाजारात एका धोतरवाल्या गृहस्थांनी त्यांना कडकडून मिठी मारली, दोघांच्या भरपूर गप्पा झाल्या, मुलीच्या लग्नाचं निमंत्रणसुद्धा मिळालं. गृहस्थ गेल्यावर मी विचारलं, "कोण हो हे?"

"नाव काय ध्यानात न्हाई, मॅडम," भाऊसाहेब म्हणाले. "पण मे महिन्यात साडेनऊ मीटर. लई चांगला माणूस."

मी नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या पाण्याच्या सरकारी खात्यात भूवैज्ञानिक म्हणून लागले. पुण्याची मुलगी, नळ सोडला की पाणी येतं एवढंच पाण्याशी नातं, आणि डोक्यात पदवीची हवा. साहेबांनी माझ्याकडे जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके दिले. तिथल्या निवडक विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजायची, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे, आणि त्यावरून जमिनीखाली किती पाणी शिल्लक आहे त्याचा हिशेब मांडायचा, असं काम. प्रत्यक्ष मोजणारे होते बबन गुंजाळ. राहणारे ओतूरचे, मुक्काम घोडेगावला एका खोलीत, वाहन लूना. खात्यात हुद्द्यानं माझ्याहून तीन पायऱ्या खाली आणि विहिरीच्या काठावर माझ्याहून तेवढेच वर. हे दुसरं समजायला मला वर्षभर लागलं, कारण मी तशी हट्टी आहे.

दिसायला बुटके, अंगात खाकी सदरा, कानात अत्तराचा बोळा नव्हे तर खडूचा तुकडा. टेपच्या टोकाला खडू चोळायचा, म्हणजे पाण्यात किती भाग बुडाला ते ओल्या खुणेवरून कळतं. टोकाला एक पितळी वजन बांधलेलं. ते त्यांना घोडेगावच्या एका जैन शेठजींनी दुकानातून काढून दिलं होतं. त्या बदल्यात शेठजी दर खेपेला विचारायचे, "काय भाऊसाहेब, विहिरी काय म्हणतात यंदा?" आणि उत्तर ऐकून कांद्याचं बी किती मागवायचं ते ठरवायचे. आमच्या खात्याच्या अहवालाचा एवढा मनापासून उपयोग केलेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

भाऊसाहेबांचे नियम ठरलेले होते आणि ते मोडायची माझी काय, मंत्र्याचीही टाप नव्हती. आधी पाणी, मग चहा. विहिरीत डोकावण्यापूर्वी चपला काढायच्या. माप दोनदा घ्यायचं, आणि दोन मापांत बोटाचा फरक पडला तरी तिसऱ्यांदा. आकडा मोठ्यानं ओरडून सांगायचा, कारण तो विहिरीलाही ऐकू गेला पाहिजे. मालकाच्या शेतातली मेथीची जुडीसुद्धा घ्यायची नाही. आणि कालव्याला आवर्तन सुटलेलं असेल तर मोजायचं नाही, थांबायचं.

"कालव्याचं पाणी म्हंजी पावणं," ते म्हणायचे. "पावणं आलं की घर भरल्यागत दिसतं. ते गेलं की मोजा, मग कळंल घरात माणसं किती."

मी पुस्तकात हेच दोन पानं वाचलं होतं, तक्त्यासकट.

अर्थात ते सर्वज्ञ नव्हते, फक्त तसं त्यांना वाटायचं. कुठलंही पाणी पिऊन ते विहिरीचं, बोअरचं की कालव्याचं हे आपण सांगतो, असा त्यांचा दावा होता. आळेफाट्याला ट्रकवाल्यांच्या एका हॉटेलात मी त्यांची परीक्षा घेतली. मालकाकडून तीन ठिकाणचं पाणी तीन ग्लासांत मागवलं. भाऊसाहेबांनी डोळे मिटले, घोट तोंडात घोळवला, तीनदा मान हलवली आणि तिन्ही चुकीची सांगितली. शेजारच्या बाकावरचे ड्रायव्हरसुद्धा हसायला लागले. भाऊसाहेबांनी शांतपणे तिन्ही ग्लास उजेडात धरून पाहिले.

"मालक," ते म्हणाले, "ग्लास नीट धूत नाय तुमी."

त्यांचा सगळा जीव होता वहीत. लांबट, तपकिरी पुठ्ठ्याची वही, खताच्या पिशवीच्या आतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. प्रत्येक मापासाठी एक ओळ. तारीख, टेपचा आकडा, काठाची उंची, त्यांची वजाबाकी आणि शेवटी शेरा. काठाची उंची अशासाठी, की टेप सोडतात विहिरीच्या कठड्यावरच्या तांबड्या खुणेपासून, आणि हिशेब धरायचा जमिनीपासून. म्हणून टेपच्या आकड्यातून कठडा जेवढा उंच तेवढं वजा करायचं. पहिली-दुसरीतलं गणित आहे. वाचकांनी ते लक्षात ठेवावं, आम्ही दोघं एकदा विसरलो.

शेरा हा रकाना सरकारनं पंपाचा बिघाड वगैरे लिहिण्यासाठी ठेवला होता. भाऊसाहेब त्यात साहित्य लिहायचे. "मालक भांडखोर, पाणी शांत." "कासव दिसले. मागील वर्षीचेच." "पाण्यावर झेंडूची फुले, दसरा." मी आधी या शेऱ्यांवर वैतागायचे. मग पुण्याला वही आली की आकडे सोडून आधी शेरे वाचायला लागले.

आणि त्या वहीत एकही खाडाखोड नव्हती. वीस वर्षांत एकही नाही. मी एकदा कौतुकानं तसं बोलले तर गडी लाजला. म्हणाला, "एवढी एकच इच्छा हाय, मॅडम. रिटायर व्हताना वही अशीच द्यायची. कोरी न्हाई, पण कोऱ्यावानी." बायकोनं सोन्याच्या बांगड्यांबद्दल बोलावं तसं ते त्या वहीबद्दल बोलत.

आता बिबट्या. आमच्या यादीत पेठजवळच्या एका वाडीतली विहीर होती. वाडीचं नाव सांगत नाही, बिबट्याच्या आणि आमच्या, सगळ्यांच्याच अब्रूचा प्रश्न आहे. विहीर हौसाबाईंची. पन्नाशीच्या, नवऱ्यामागे शेती एकटीनं ओढणाऱ्या आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणाऱ्या. विहीर जुनी, दगडी, आत उतरायला भिंतीतून एकेक दगड पुढे काढून केलेल्या पायऱ्या. दोन हजार सालानंतरची गोष्ट. उसात बिबटे मुक्कामाला येऊन राहिले होते. ऑक्टोबरच्या मोजणीला आम्ही पोचलो तर विहिरीभोवती दोनशे माणसं. कुत्र्याच्या मागे लागलेला बिबट्या आत पडला होता आणि पंपाच्या मोटारीसाठी आत टाकलेल्या फळ्यांवर भिजून बसला होता. वनखात्याचे लोक दोरखंड बांधून खाट सोडायच्या तयारीत.

भाऊसाहेबांनी गर्दीतून वाट काढली, चपला काढल्या आणि खिशातून टेप काढली.

"ओ पावणं, कुठं चाललाय?" वनखात्याचा माणूस ओरडला. "आत बिबट्या हाय."

"आसू द्या की. आज तारीख हाय माझी. खाट सोडली की पाणी हलंल. दोन मिंटं थांबा."

"तुमी येडं का खुळं?"

"सरकारी माणूस हाय," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी वजन खाली सोडलं.

वजन पाण्यावर आपटलं तशी आतून अशी डरकाळी आली की दोनशे माणसं एकाच वेळी मागे सरली. मी सगळ्यांत पुढे होते, म्हणजे मागे सरताना. भाऊसाहेबांनी टेप वर घेतली, ओली खूण बघितली, आकडा ओरडून सांगितला आणि टेपला परत खडू लावायला लागले. "आता काय?" मी दुरूनच विचारलं. "दुसऱ्यांदा," ते म्हणाले. "नियम हाय."

बिबट्या दुपारी खाटेवर बसून वर आला आणि कुणाकडेही न बघता उसात निघून गेला. वहीत शेरा होता: "विहिरीत बिबट्या (जिवंत). फळीवर असल्याने पातळीत फरक नाही." पाण्यात असता तर किती फरक पडला असता, असं मी चेष्टेनं विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विहिरीचा घेर आणि बिबट्याचं अंदाजे आकारमान घालून केलेलं गणित आणून दिलं. उत्तर नखाएवढंही नव्हतं. गणित बरोबर होतं.

वनखात्यानं हौसाबाईंना कठडा उंच करायला सांगितलं आणि त्यांनी दोन-अडीच महिन्यांत तो केलाही. दगडाचे दोन थर वर चढवले. पण त्या बाईंचं वैशिष्ट्य असं, की सरकारी तांबडी खूण दगडाखाली गेली याचा त्यांच्या जिवाला घोर लागला. सरकारची वस्तू, आपल्या हातून गडप झाली. म्हणून गवंड्याकडून त्यांनी नव्या कठड्याच्या माथ्यावर, अगदी तशीच, त्याच बाजूला, त्याच तांबड्या रंगाची खूण काढून घेतली. वर हळद-कुंकू वाहिलं. आणि ठरवलं, की कठड्याचा नारळ फुटेल तो भाऊसाहेबांच्याच हातून.

जानेवारीत आम्ही गेलो तर सतरंजी अंथरलेली. लाउडस्पीकर. मंचरहून बोलावलेला फोटोवाला. मेथीची जुडी नाकारणाऱ्या माणसाला काही कळायच्या आत डोक्यावर गुलाबी फेटा बसला, गळ्यात हार पडला. सरपंच बोलले, "वाघाच्या तोंडातनं पाणी मोजणारा आमचा भाऊसाहेब." वाघ कुणाचा आणि तोंड कुणाचं हे विचारायची ती वेळ नव्हती. मलाही खण-नारळ मिळाला आणि खरं सांगते, मीही हुरळले. वीस वर्षांत त्या माणसाला खात्यानं एक कागदाचा चिठोरासुद्धा दिला नव्हता. फेट्याखाली त्यांचा चेहरा असा झाला होता, की लग्नातसुद्धा झाला नसेल.

त्यांनी नारळ फोडला, आणि टाळ्यांच्या गजरात, फेटा डोळ्यांवर येत असताना, टेप सोडली. दोनदा. "लई आराम," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "वाकावं लागत न्हाई आता." मग त्यांनी आकडा ओरडून सांगितला. मी वही धरली होती. "काठ?" मी विचारलं. "चाळीस," ते सवयीनं म्हणाले. मी चाळीस लिहिलं. कठडा माझ्या कमरेला लागत होता. भूगर्भशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेली बाई मी.

तो चाळीस पुढची दोन वर्षं तसाच राहिला. दर खेपेला टेप पूर्वीपेक्षा जास्त आकडा दाखवायची आणि भाऊसाहेब हळहळायचे, "विहीर खचली, मॅडम. बिबट्याची धास्ती घेतली जणू." मी आलेखावर घसरती रेघ काढली. त्या भागात आमच्या दोनच विहिरी, त्यातली दुसरी मालकानं बुजवलेली. म्हणजे हौसाबाईंची विहीर म्हणेल ते खरं. मी अहवालात लिहिलं, की या परिसरात भूजल झपाट्यानं खालावत आहे, नव्या विहिरींना परवानगी देऊ नये. वाक्य मला फार आवडलं होतं.

हौसाबाईंच्या वाडीच्या वर, चढावर एक वस्ती होती. तिथल्या बायका हंडे घेऊन उतरत हौसाबाईंच्या विहिरीवर यायच्या आणि भरले हंडे डोक्यावर घेऊन तोच चढ चढायच्या. त्या वस्तीनं पिण्याच्या पाण्याच्या विहिरीसाठी अर्ज केला होता. माझ्या वाक्यानं तो अडवला.

घोडेगावला पंचायत समितीत बैठक होती. विहिरीची परवानगी नाकारलेल्या गावांची यादी मी वाचून दाखवली. मागून हौसाबाई उठल्या.

"पाणी उतारलं म्हंता. कुठं उतारलं?"

"ताई, दोन वर्षांत सत्तर सेंटिमीटर," मी म्हटलं.

"ते मला कळत न्हाई. दिवाळीला पाणी पाचव्या पायरीला असतं. माझं लगीन झालं तवाबी पाचव्या, औंदाबी पाचव्या. मी रोज बगती. तुमी वर्साचं चारदा येता."

भाऊसाहेबांचा चेहरा लालभडक झाला. "हौसाताई, माझी टेप खोटं बोलत नाय."

"टेप न्हाई बोलत, भाऊसाहेब. पर पायरीबी न्हाई बोलत," हौसाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब मला घेऊन वाडीवर गेले. हौसाबाईंना खोटं पाडायलाच निघाले होते. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरलेले. चपला काढल्या आणि टेप न सोडता स्वतःच विहिरीत उतरायला लागले. मी नको नको म्हणत राहिले. ते एकेक पायरी मोजत होते, आवाज वर येत होता. "एक... दोन... तीन..." पाचच्या पुढे आवाज आला नाही. मी वाकून बघितलं. भाऊसाहेब पाचव्या पायरीवर बसले होते आणि पाय पाण्यात होते.

मग खालून म्हणाले, "मॅडम, काठ मोजा."

मी टेप जमिनीपासून तांबड्या खुणेपर्यंत धरली. मला तेव्हाच कळलं. "एकशे दहा," मी म्हटलं.

एकशे दहातून चाळीस गेले की सत्तर राहतात हे त्यांना पाचव्या पायरीवर बसूनही येत होतं.

वर आले ते कठड्याला टेकून बसले. हौसाबाईंनी चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. मी त्यांची समजूत घालायला गेले आणि माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटलं, "भाऊसाहेब, आपण वही नव्यानं लिहून काढू. बरोबर आकड्यांची. कुणाला कळणार नाही. तुमची वही स्वच्छच राहील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "उतरून काढलेल्या वहीला विहिरीचा वास येत नाय, मॅडम," ते म्हणाले. "तांबडं पेन हाय का?"

माझ्याकडे होतं. हौसाबाईंच्या समोर, कठड्यावर वही ठेवून, त्यांनी आठ ओळी खोडल्या. एकेक ओळ पट्टी लावून, सरळ. वर बरोबर आकडा, शेजारी सही. आठ सह्या होईपर्यंत मी बाजूला बघत होते. पहिल्या ओळीच्या शेऱ्यात त्यांनी लिहिलं: "काठ वाढविला होता. लक्षात आले नाही. डोक्यावर फेटा होता. चूक माझी."

"आपली लिहा," मी म्हटलं. "त्या दिवशी वही माझ्या हातात होती. चाळीस मी लिहिलंय. हे बघा, अक्षर माझं आहे."

"तुमाला अजून लई नोकरी हाय," ते म्हणाले आणि पेनाचं टोपण लावून त्यांनी ते मला परत दिलं.

पुण्याला साहेबांनी मला चांगलंच झापलं, अहवाल मागे घ्यावा लागला, यादी बदलली. मला काहीही वाटलं नाही. मला वाईट वाटत होतं ते त्या आठ तांबड्या रेघांचं. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसनं हार, श्रीफळ आणि फेटा आणला. भाऊसाहेबांनी हार घातला, श्रीफळ घेतलं आणि फेटा म्हणाले हातात द्या, डोक्याला नको. लोकांना वाटलं, साधा माणूस. मग त्यांनी टेप, पितळी वजन आणि वही माझ्या टेबलावर ठेवली. वजन शेठजींचं, खासगी, तुमी घेऊन जा, असं मी म्हटलं तर म्हणाले, "विहिरींना त्याची सवय हाय." आणि निघून गेले.

वरच्या वस्तीची विहीर पुढच्या वर्षी झाली. नारळ फोडायला हौसाबाईंनी पुन्हा भाऊसाहेबांनाच बोलावलं. ते ओतूरहून एसटी बदलत आले, आता खाकीऐवजी पांढरा सदरा, थोडे वाळलेले. वस्तीच्या बायका नवे हंडे घेऊन उभ्या होत्या. कठड्यावर तांबडी खूण मी स्वतः काढून घेतली होती. सरपंचांनी फेटा पुढे केला. भाऊसाहेबांनी तो घेऊन हौसाबाईंच्या हातात दिला आणि नारळ उचलला. सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

तेवढ्यात त्यांनी नारळ खाली ठेवला. चपला काढल्या. सदऱ्याच्या खिशातून एक पिवळी कापडी टेप काढली. बायकोची, शिवणकामाची. सरकारी तर माझ्याकडे जमा होती. जमिनीवर उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "मॅडम, वर खुणेवर टेप धरा."

वाजंत्रीवाले थांबले, बायका हंडे घेऊन थांबल्या, सरपंच घड्याळ बघायला लागले. मी वाकले, टेप खुणेवर दाबून धरली आणि आकडा डोळे फाडून वाचला.

"ब्याऐंशी."

"लिवा. तुमच्या अक्षरात."

मी लिहिलं. ते उठले नाहीत, तिथूनच वर माझ्याकडे बघत राहिले. मी वही काखेत मारली आणि पुन्हा वाकले. दुसऱ्यांदाही ब्याऐंशीच आलं. मग त्यांनी नारळ फोडला.